जुन्या एमएक्स-५ चं सस्पेन्शन आणि ब्रेक: पैसे कुठे घालायचे आणि कुठल्या क्रमाने

तुझा प्रश्न थोडक्यात असा की १९९३ ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानहून इंग्लंडात आलेली माझदाची एमएक्स-५, १.६ इंजिनवाली, लाखभर मैल पळालेली घेतलीस. आता ती वळणावर अंग टाकते, खड्ड्यात खडखडते, ब्रेक लागतात पण पॅडल मऊ वाटतं. हाताशी पंधराशे पाउंड आहेत, त्यात कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) घ्यायचे की पुढच्या चाकांना चार पिस्टनवाले मोठे ब्रेक, आणि उन्हाळ्यात एखादा ट्रॅक डे, म्हणजे रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस, करायचाय. दादा म्हणून विचारलंस तर हक्काने सांगतो, दोन्ही नको. निदान आत्ता नको. माझं पोटच या गाड्यांवर चालतं, त्यामुळे सामान विकणं माझ्या फायद्याचंच आहे, तरी सांगतोय.

ही गाडी मुळात काय आहे ते आधी लक्षात घे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि त्या काळात एवढ्या किमतीच्या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन हातांवर पेललेलं) देणं म्हणजे चैनच होती. वजन हजार किलोच्या आतलं, इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेलं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम, पुढे-मागे वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. म्हणजे डिझाइनमध्ये खोट काढायला फारशी जागा नाहीये. तुला जे जाणवतंय, ते खडखडणं, अंग टाकणं, सरळ रस्त्यावर मागचा भाग इकडे-तिकडे भटकणं, हे बहुतेक सगळं तीस वर्षांच्या रबराचं आणि दमलेल्या शॉकअपचं काम आहे. त्यावर नवे कोरे कॉइलओव्हर बसवणं म्हणजे पाया खचलेल्या घरावर वरचा मजला चढवणं, कारण स्प्रिंग जेवढी कडक तेवढा जोर त्या कुजलेल्या बुशांवर, म्हणजे सांध्यांतल्या रबरी अस्तरांवर, जास्त.

तर पहिला दिवस विकत घ्यायचा नाही, बघायचा. चारही चाकं वर घे, घोड्यांवर (ॲक्सल स्टँडवर) नीट ठेव, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही हे सांगायला नको. जॅक लावायला पुढे मधला क्रॉसमेंबर आणि मागे डिफरन्शियलचं घर, दाराखालच्या सिलच्या पातळ पत्र्यावर कुठेही लावू नकोस. आणि सिलचा विषय निघालाच आहे तर मागच्या चाकाच्या बरोबर पुढचा सिलचा तुकडा नखाने नाही, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. कापडी टपाचं पाणी वाहून जायची भोकं सीटबेल्टच्या टॉवरपाशी असतात, ती पानं-मातीने बुजली की पाणी सिलमध्ये उतरतं आणि तो भाग आतून कुजतो. जपानहून आलेल्या गाड्या इथल्या गाड्यांपेक्षा बऱ्या असतात कारण तिकडे बऱ्याच भागात हिवाळ्यात रस्त्यावर इथल्याइतकं मीठ पडत नाही, पण इथे येऊन वीस वर्षं झाली असतील तर तो फायदा कधीच संपला. तिथे भोक निघालं तर हे पंधराशे आधी वेल्डिंगवाल्याकडे जाणार, सस्पेन्शन राहिलं बाजूला.

मग चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलव, नंतर डावी-उजवीकडे. वर-खाली खेळतंय तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे तर टाय रॉडचं टोक. अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक हाताने हलवून बघ, लहान खड्ड्यांवरचा टकटक आवाज बऱ्याचदा या लिंकचा असतो आणि लोक उगाच शॉकअप बदलतात. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तर तो मेलाच, पण कोरडा दिसला म्हणजे चांगला असं समजू नकोस. ते बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते बघायचं म्हणतात ना, त्यात फक्त पूर्ण मेलेला शॉकअप कळतो, निम्मा दमलेला पास होऊन जातो.

आता या गाडीतली खरी डोकेदुखी. चारही खालच्या विशबोनच्या आतल्या टोकाला एक्सेंट्रिक (मध्य सोडून बसवलेल्या चकतीचे) बोल्ट आहेत, प्रत्येक चाकाला दोन, म्हणजे एकूण आठ. बोल्टच्या डोक्याखाली खुणांची चकती असते, ती फिरवली की पुढे कॅम्बर आणि कॅस्टर बदलतो, मागे कॅम्बर आणि टो. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत-बाहेर किती कललंय, कॅस्टर म्हणजे स्टीअरिंगचा अक्ष मागे किती झुकलाय, टो म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर. पुढचा टो टाय रॉडवर. म्हणजे या गाडीचं जवळजवळ सगळं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, या आठ बोल्टांवर आहे आणि नेमके तेच गंजतात. नट सुटतो, पण बोल्टचा दांडा बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजाने इतका धरलेला असतो की बोल्ट फिरवला की नळी फिरते आणि बाहेरचं रबर नुसतं पिळलं जातं. सोडलं की परत जागेवर. गॅरेजवाला मशीनवर तुझी गाडी घेतो, दोन बोल्ट हलत नाहीत म्हणतो, पुढचा टो तेवढा सरळ करून प्रिंट देतो आणि पैसे घेतो, आणि तू समजतोस अलाइनमेंट झालं. बोल्ट जाम आहे का हे तुला स्वतःला बघता येतं, नट थोडा ढिला कर, बोल्टच्या डोक्यावर पाना लावून अगदी हळू फिरव आणि रबराकडे बघ, रबर पिळत असेल तर जाम. मारामारी करू नकोस, चकतीचे कान तुटतात आणि सबफ्रेमवरच्या (विशबोन जोडलेल्या चौकटीवरच्या) कडा वाकतात.

जाम निघाले तर तेल मारून आठवडाभर वाट बघणं वगैरे करून बघ, माझा अनुभव असा की त्याने फार फरक पडत नाही. गरम करून निघालाच तर तेवढ्यात बुश जळतो. शेवटी रेसिप्रोकेटिंग सॉ (पुढे-मागे चालणारी विजेची करवत) घेऊन विशबोन आणि सबफ्रेमच्या फटीतून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापणे हाच मार्ग, लांब आणि चांगल्या दर्जाची मेटलची पाती घे, स्वस्तातली दोन मिनिटांत बोथट होतात. कापले की विशबोन बाहेर येतात, बुश तसेही गेलेलेच असतात, त्यामुळे हे काम एकदाच आणि एकत्र करायचं. नवे बोल्ट, नवे नट, नव्या चकत्या, नवे बुश, आणि विशबोन बाहेर आहेत तोवर घासून रंगवून घे. परत बसवताना दांड्याला कॉपर ग्रीस चोपडून लाव.

बुश रबराचे की पॉलीयुरेथेनचे हा वाद संपणारा नाही. माझं मत, रोजची गाडी आणि वर्षाला एखाद-दोन ट्रॅक डे असतील तर कंपनीचं किंवा त्याच दर्जाचं रबर लाव. पॉलीचा एक मोठा फायदा म्हणजे ते घरच्या घरी व्हाइसमध्ये दाबून बसतात आणि आतली नळी वेगळी असल्यामुळे पुढच्या वेळी बोल्ट जाम व्हायची भीती कमी, पण ग्रीस वाळलं की कुरकुरतात, आणि ग्रीस भरायचं तर परत सगळं उघडा. रबराचे बुश प्रेसवर बसवावे लागतात. आणि रबर लावलंस तर एक गोष्ट पक्की धर: बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. रबर नळीला आणि घराला चिकटवलेलं असतं, ते पिळूनच काम करतं. चाकं लटकलेली असताना आवळलंस तर गाडी खाली ठेवल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं, सस्पेन्शन कडक वाटतं आणि नवे बुश वर्षा-दोन वर्षांत फाटतात. चाकांखाली फळ्या किंवा रॅम्प लावून गाडी तिच्या वजनावर उभी कर, आणि मग आवळ. हे न केल्यामुळे "नवीन बुश टाकले पण मजा नाही" म्हणणारे कितीतरी लोक येतात.

शॉकअप. इथे कॉइलओव्हरचा मोह का आवर म्हणतो ते सांगतो. या गाडीत शॉकअप चाकापेक्षा बराच आत बसवलाय, म्हणजे चाक जेवढं वर येतं त्याहून शॉकअपचा दांडा कमी सरकतो, आणि मुळात कंपनीच्या उंचीवरसुद्धा दांड्याला वर यायला जागा थोडीच आहे, थोडं दाबलं की बंप स्टॉप, म्हणजे शेवटचा रबरी ठोकळा, सुरू. आता तू गाडी दीड-दोन इंच खाली बसवलीस की ती जागा जवळजवळ संपते. मग वळणात गाडी स्प्रिंगवर नाही तर रबराच्या ठोकळ्यावर चालते, मध्येच उंचवटा आला की चाक उडी मारतं आणि पकड सुटते, आणि चालवणाऱ्याला वाटतं सस्पेन्शन कडक आहे म्हणजे स्पोर्टी आहे. वेल्समध्ये ब्लॅक माउंटनच्या रस्त्यावर जाऊन बघ, डांबर नुसतं लाटांसारखं आहे, तिथे कडक आणि बुटकी गाडी नीट सेट केलेल्या कंपनीच्या गाडीच्या मागे पडते. शिवाय उघडी गाडी, छप्पर नाही, बॉडी पिळते. पुढे ८ आणि मागे ६ किलो प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंग लावल्यास तर स्प्रिंगच्या ऐवजी बॉडीच हलते, डॅशबोर्ड थरथरतो, आरसा हलतो.

म्हणून तुझ्यासाठी माझा सल्ला, कोनी स्पोर्ट म्हणजे पिवळे, नाहीतर बिल्स्टीन, आणि त्यावर कंपनीच्या स्प्रिंग किंवा अगदी माफक खाली बसवणाऱ्या. कोनीला रिबाउंड, म्हणजे दाबलेला शॉकअप परत लांबतानाचा अटकाव, वरून फिरवून ॲडजस्ट होतो आणि स्प्रिंगची खालची बशी बसवायला दांड्याच्या नळीवर एकापेक्षा जास्त खाचा असतात त्यामुळे उंची थोडी बदलता येते. कोनी सुरुवातीला सगळ्यात मऊ सेटिंगवर ठेव आणि रोजच्या रस्त्यावर चालव, मग पाव-पाव फेरा वाढव, कुठल्या तरी टप्प्यावर गाडी खड्ड्यानंतर एका झटक्यात शांत बसते, तिथे थांब. सगळे लोक पहिल्याच दिवशी पूर्ण कडक करून ठेवतात. पूर्ण कडक रिबाउंड म्हणजे लागोपाठ तीन-चार खड्डे आले की चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी खाली-खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर.

खाली बसवायचीच असेल तर या गाडीच्या पुढच्या पिढीची म्हणजे एनबी मॉडेलची शॉकअपची वरची माउंट शोध. ती या गाडीला बसतात आणि दांड्याला वर यायला जास्त जागा देतात, भंगारवाल्याकडे अजून मिळतात. सोबत चांगले फोमचे, हळूहळू कडक होत जाणारे बंप स्टॉप. उंची मोजायची तर जमिनीपासून मोजू नकोस, टायर बदलला की आकडा बदलतो. हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोज, आणि रस्त्याच्या गाडीला ३३० मिलिमीटरच्या खाली जाऊ नकोस असं मी सांगतो. फोटोत त्याहून खालची गाडी छान दिसते, मान्य.

कॉइलओव्हर अजिबात वाईट असतात असं नाही. चांगले असतात, पण ते चांगले हजार पाउंडांच्या पुढेच सुरू होतात, आणि स्वस्तातल्या सेटमध्ये उंचीचे आटे असतात पण आतला डॅम्पर, म्हणजे शॉकअपच, कंपनीच्या नव्या शॉकअपपेक्षा बरा असेलच असं नाही. आणि इथल्या मिठात ते आटे दोन हिवाळ्यांत धरतात.

अँटी-रोल बार जाड टाकायचा तर फक्त पुढचा, आणि तोही सगळं झाल्यावर. मागचा जाड केलास की ओल्या रस्त्यावर मागची बाजू फार लवकर सुटते, आणि या गाडीला ना ट्रॅक्शन कंट्रोल ना काही.

टायर. हे मी खरंतर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं कारण सस्पेन्शन आणि ब्रेक दोन्हींचा निकाल शेवटी तिथेच लागतो. कंपनीचा आकार १८५/६० आर १४, साडेपाच इंची रिमवर. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे बघ, २३१७ असेल तर २०१७ सालातला तेविसावा आठवडा. या गाड्या वर्षातून थोड्याच पळतात त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर दगड झालेलं असतं, विकणारा "टायर नव्यासारखे" म्हणून सांगतो आणि खोटंही बोलत नाही. सहा-सात वर्षांच्या पुढचे असतील तर बदल, चारही एकाच मेकचे. १४ इंचात चांगल्या टायरची निवड कमी होत चाललीये, त्यामुळे पुढेमागे १५ इंची हलकी रिम आणि १९५/५० हा सगळ्यात सोयीचा बदल आहे, बोल्ट पॅटर्न चार गुणिले शंभर, सेकंडहँड रिम बऱ्याच मिळतात. १७ इंच नको. गाडीचा सगळा हलकेपणा तिथे वाया जातो.

मग अलाइनमेंट, आणि हे बुश-शॉकअप-टायर सगळं झाल्यावरच, नाहीतर दोनदा पैसे. गॅरेजवाल्याला "कंपनीच्या रेंजमध्ये हिरवं आलं की झालं" असं करू देऊ नकोस, आकडे लिहून दे: पुढे कॅम्बर उणे १ डिग्री, कॅस्टर ५ च्या आसपास, पण डावं-उजवं सारखं, टो शून्य किंवा किंचित आत. मागे कॅम्बर उणे दीड, टो किंचित आत, बाहेर तर कधीच नाही. डावी-उजवी बाजू जुळणं हे नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. आणि ड्रायव्हर सीटवर तुझ्या वजनाएवढं काहीतरी ठेवायला सांग. हजार किलोच्या गाडीत सत्तर-ऐंशी किलो एका बाजूला म्हणजे बराच फरक.

आता ब्रेक. इथे लोकांचा गोंधळ असा की मोठा ब्रेक म्हणजे गाडी लवकर थांबते. तुझ्या आत्ताच्या ब्रेकने कोरड्या रस्त्यावर चाकं लॉक होतात का? होत असतील, आणि ते सगळं चालू हालतीत असेल तर होतातच, तर एकदा थांबायला लागणारं अंतर टायर ठरवतो, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) नाही. मोठा ब्रेक उपयोगी पडतो तो उष्णतेसाठी, पुन्हा पुन्हा जोरात थांबायचं असेल तेव्हा.

हिशोब करून बघ. गाडी आणि तू मिळून १०५० किलो धर. ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबलास तर साधारण ४०० किलोज्यूल उष्णता तयार होते. १६० वरून थांबलास तर हजाराच्या वर, म्हणजे वेग १.६ पट पण उष्णता अडीच पट. त्यातली सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर. एक डिस्क चार किलोची धरली तर १०० वरून एकदा थांबण्यात ती पाऊणशे डिग्रीने तापते, १६० वरून जवळपास दोनशेने. रस्त्यावर असं एकदा झालं की पुढे पाच-दहा मिनिटं हवा लागते. ट्रॅकवर, समज कॅसल कूमच्या रेसट्रॅकला, एव्हन राइजच्या उंचवट्यावरून सुसाट येऊन क्वारीच्या वळणासाठी ब्रेक मारलास, तर पुढच्या दीडएक मिनिटात परत तेच, आणि मध्ये बाकीची वळणं आहेतच. डिस्क थंड व्हायच्या आत पुन्हा तापते, दर फेरीला सुरुवातच वरून होते. तिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात आणि त्या ओळखता यायला पाहिजेत. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेला. पॅडल खाली जातंय, पंप केलं तर थोडं वर येतं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं आणि नळीत वाफ झाली. दुसरं जास्त घातक.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, झाकण बंद असलं तरी, रबरी होजमधूनसुद्धा. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रकाराच्या नियमानुसार नवं ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळू नये, आणि त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ वर येते. तुझं ऑइल चहाच्या रंगाचं असेल तर ते जुनं झालंय आणि १५५ कडे सरकलेलं असू शकतं, आणि तुझं मऊ पॅडल बहुतेक नळीतल्या हवेतून आलंय. म्हणून पहिला ब्रेक अपग्रेड म्हणजे एक लिटर चांगलं डॉट ४, ट्रॅकला जाणार असशील तर त्यातलं जास्त उकळबिंदूवालं. डॉट ५.१ चालेल, डॉट ५ नाही. नावं सारखी वाटतात पण डॉट ५ सिलिकॉनचं आहे आणि ते या सिस्टिममध्ये मिसळायचं नाही.

नळ्यांतली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (पॅडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य पंपापासून) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात कर. आणि पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन वर्षानुवर्षं वरच्या अर्ध्या भागातच फिरलेला असतो, खालचा भाग गंजलेला असतो, एअर काढताना पॅडल तळापर्यंत दाबलं की सील त्या गंजावर घासून फाटतं. काम नीट करूनही दुसऱ्या दिवशी पॅडल खाली बसतं आणि लोक म्हणतात, अजून एअर राहिली. होज मूळचे असतील तर स्टीलच्या जाळीचे टाक. तीस वर्षांचं रबर आतून सुजतं आणि वाट अरुंद करतं, मग पॅडल सोडलं तरी कॅलिपर धरून राहतो. लोखंडी पाइप गंजलेत का तेही बघ, विशेषतः मागे टाकीच्या वर जाणारे, एमओटीला (इथल्या वार्षिक तपासणीला) तिथेच अडकतात. बदलायचे तर कॉपर-निकेलचे.

आता मागचे कॅलिपर, कारण "ब्रेकमध्ये दम नाही" म्हणून येणाऱ्या या गाड्यांमध्ये निम्म्या वेळा मागचे ब्रेक काही कामच करत नसतात. स्लायडिंग पिन सुकलेल्या, पॅड एका बाजूने तिरका झिजलेला, डिस्कवर चकचकीत पट्टा बोटभर आणि बाकी गंज. आणि हॅन्डब्रेकची ॲडजस्टमेंट हरवलेली. कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ चा एक बोल्ट आहे, तो नुसतं झाकण आहे, काढला की आत ४ ची ॲलन की बसते. हॅन्डब्रेक पूर्ण सोड. पॅड बदलताना पिस्टन आत घ्यायचा तर या कीने उलटं फिरवूनच घ्यायचा, जी-क्लॅम्पने दाबलास तर आतली यंत्रणा मोडते. नवे पॅड बसले की की घड्याळाच्या दिशेने फिरव, पॅड डिस्कला चिकटेपर्यंत, मग एक तृतीयांश फेरा मागे, आणि हाताने डिस्क फिरवून बघ, हलकं घासलं तर चालेल. झाकण परत लाव. हॅन्डब्रेकची केबल याच्यानंतर, आधी नाही. केबल ताणून हॅन्डब्रेक वर आणणारे खूप आहेत, त्याने लिव्हर अर्धवट ओढलेला राहतो आणि आतला ॲडजस्टर काम सोडतो. हे एवढं केल्यावर पॅडल इंचभर वर आलेलं मी कितीदा बघितलंय, आणि खर्च ग्रीसच्या ट्यूबचा.

पॅड. रस्ता आणि मधूनच ट्रॅक यासाठी मिन्टेक्स ११४४ किंवा फेरोडो डीएस २५००. पूर्ण रेसचे पॅड रस्त्यावर नको, थंड असताना पकडत नाहीत आणि कर्कश ओरडतात. डिस्क साध्या, सपाट, चांगल्या मेकच्या. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला भारी, ट्रॅकवर भोकापासून तडे जातात. पॅड आणि डिस्क नवे टाकलेस की मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० मैलांवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा दाबून वेग कमी कर, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालव. गरम डिस्कवर पॅड दाबून उभा राहिलास तर तिथेच थर चिकटतो आणि पॅडल थडथडायला लागतं. ट्रॅकवरून आल्यावर हॅन्डब्रेक न लावता गिअरमध्ये उभी कर ती याच कारणासाठी.

एवढं करूनही ट्रॅकवर कमी पडलं, तर मोठ्या ब्रेककडे जायचा स्वस्त रस्ता कंपनीनेच ठेवलाय. १.६ ला पुढे २३५ आणि मागे २३१ मिलिमीटरच्या डिस्क, १.८ ला २५५ आणि २५१. तुझेच कॅलिपर राहतात, १.८ चे ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड लागतात, आणि १४ इंची रिममध्ये बसतं. त्याच्या वर २००१ नंतरच्या एनबीचे स्पोर्ट ब्रेक, पुढे २७० आणि मागे २७६, त्याला १५ इंची रिम लागते. दोन्हीत पुढे-मागे एकत्र बदल. नुसते पुढचे मोठे केले, जसं त्या चार पिस्टनच्या किटमध्ये होतं, तर पुढची चाकं आधी लॉक होतात, मागचे ब्रेक आरामात बसून राहतात आणि थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. शिवाय मोठ्या पिस्टनला जास्त ऑइल लागतं, मास्टर सिलिंडर तोच, म्हणजे पॅडल आणखी लांब जाणार. तुला आत्ताच मऊ वाटतंय. आणि रेसिंगसाठी बनवलेल्या बऱ्याच हलक्या कॅलिपरना डस्ट सीलच नसतं, रेसमध्ये ते सारखे उघडून साफ करतात. तू डिसेंबरात मीठ टाकलेल्या मोटरवेवरून ऑफिसला जाणार.

पैशांचं सांगायचं तर जवळजवळ निम्मे बुश, बोल्ट आणि प्रेसच्या मजुरीत जातील असं धर, उरलेल्यात शॉकअप आणि ब्रेकची सर्व्हिस-ऑइल-होज-पॅड बसतं, टायर जुने निघाले तर शॉकअप पुढच्या महिन्यावर ढकल पण ब्रेक ढकलू नकोस. आधी ब्रेक ऑइल आणि मागचे कॅलिपर, एका शनिवारचं काम आहे, त्यानेच गाडीवरचा विश्वास परत येईल.

इन्शुरन्सवाल्याला शॉकअप, रिम, पॅड काहीही कंपनीच्या बाहेरचं टाकलंस की आधी कळव, इथे न सांगितलेलं मॉडिफिकेशन क्लेमच्या वेळी महागात पडतं, आणि जुन्या गाड्यांच्या स्पेशालिस्ट कंपन्या त्यासाठी बहुतेक फारसे वाढवत नाहीत. साधी पॉलिसी ट्रॅक डेला चालत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. उघड्या गाडीला रोल बार हवाच म्हणणारे ट्रॅकवाले आहेत, बुकिंग करायच्या आधी विचार.

ते आठ बोल्ट हलवून बघितलेस की कुठले जाम आहेत ते सांग, मागचे चार मोकळे असतील तर काम अर्ध्यावर येतं आणि मग मी सामानाची यादी त्याप्रमाणे देतो. आधीच्या मालकाने केलेल्या अलाइनमेंटचा एखादा प्रिंट फाइलमध्ये असेल तर त्याचा फोटो पाठव, मागच्या टोचे दोन आकडे बघायचेत.